गांवाची ठेवण आणि इंधनाचा खर्च



गेल्या वर्षीं नववीच्या वर्गांत ऊर्जेचा धडा चालू असतां एका मुलानें मला प्रश्न विचारला, "सर, खोलींतून बाहेर पडतांना दिवा विझवावा, पंखा बंद करावा, हें आम्हांला पहिलीपासून सांगतात. आम्ही तसें करतोंहि. मग घरचें विजेचें बिल दरवर्षीं वाढतें तें कां?" वर्गांत हशा पिकला, पण प्रश्न हंसण्यासारखा नव्हता. मी त्या वेळीं कांहींतरी उत्तर दिलें आणि घंटा झाली. तें उत्तर माझें मलाच पटलें नाहीं. म्हणून तो प्रश्न आज या लेखांत पुन्हां हातीं घेतों. त्याचें खरें उत्तर जसें मुलांच्या, तसेंच त्यांच्या आईबापांच्याहि उपयोगीं पडण्याजोगें आहे.

उत्तर थोडक्यांत असें. दिवा विझविणें चांगलेंच. परंतु एखाद्या कुटुंबाला किती वीज व किती इंधन लागेल, हें बरेंचसें तें कुटुंब त्या घरांत राहावयास येण्यापूर्वींच ठरून गेलेलें असतें. घर शाळेपासून व बाजारापासून किती दूर बांधलें, त्याच्या किती भिंती उन्हांत उघड्या राहिल्या, रस्ता पूर्व-पश्चिम आंखला कीं दक्षिणोत्तर, वाटेवर सांवली आहे कीं नाहीं, या गोष्टी एकदां ठरल्या म्हणजे पुढील दोन-तीन पिढ्या त्यांचा खर्च मुकाट्यानें भरीत राहतात. दिव्याचें बटण रोज आपल्या हाताशीं असतें. गांवाची ठेवण शंभर वर्षांतून एखादे वेळींच हातीं येते. बोरी अरबसारखीं गांवें आज जुन्या वेशीबाहेर पडून शेतांत पसरूं लागलीं आहेत. ती वेळ त्यांच्यावर आतांच आली आहे, म्हणून हा विषय.

१. वीज कोठून येते?

प्रथम एक माप ठरवूं. विजेच्या बिलावर जें 'युनिट' लिहिलेलें असतें, तें म्हणजे एक हजार वॉटचें उपकरण एक तास चालविलें असतां लागणारी ऊर्जा. आपल्याकडील बरीचशी वीज दगडी कोळसा जाळून तयार होते. शेजारच्या चंद्रपुरास मोठें औष्णिक विद्युत्केंद्र आहे. आणि कोळशाच्या खाणी पाहावयास तर जिल्ह्याबाहेर जाण्याचेंहि कारण नाहीं, आपल्याच यवतमाळ जिल्ह्यांत वणीच्या परिसरांत त्या आहेत. एक युनिट वीज निर्माण करण्यास आपल्या देशांत सुमारें सहाशें ते सातशें ग्रॅम कोळसा लागतो.

आतां हिशेब करा. ७५ वॉटचा पंखा रात्रीं आठ तास चालला तर ०.६ युनिट लागतें. २०० वॉटचा कूलर तितकाच वेळ चालला तर १.६ युनिट, आणि १,५०० वॉटचें वातानुकूलन यंत्र आठ तास अखंड चाललें तर १२ युनिट. म्हणजे एका खोलीच्या एका रात्रीच्या थंडाव्यासाठीं अनुक्रमें चारशें ग्रॅम, एक किलो व जवळ जवळ आठ किलो कोळसा जळला. (हें यंत्र मधून मधून आपोआप थांबतें, त्यामुळें प्रत्यक्ष आंकडा याहून कांहींसा कमी भरेल.) खोलीला पंखा पुरेल कीं आठ किलो कोळसा लागेल, हें राहणाराच्या हौसेपेक्षां खोलीवरच अधिक अवलंबून असतें, ही गोष्ट पुढें येणारच आहे. त्याआधीं घराबाहेरचा खर्च पाहूं.

२. अंतराचा हिशेब

वऱ्हाडांत गांवच्या जमिनीचे दोन भाग पूर्वापार मानीत आले आहेत: पांढरी व काळी. पांढरी म्हणजे वस्तीची जागा आणि काळी म्हणजे पिकाची. आपल्या पूर्वजांनीं पांढरी शक्य तितकी लहान ठेवली, कारण काळी मोडून घरें बांधणें त्यांना परवडण्याजोगें नव्हतें. त्यामुळें घराला घर लागलें, आणि विहीर, बाजार, पार, शाळा हीं सर्व पायीं जाण्याच्या अंतरांत राहिलीं. आज नेमकें उलट होत आहे. सडकेच्या दोहों बाजूंस शेतें मोडून 'ले-आउट' पडत आहेत, आणि गांव सडकेच्या कडेनें दोरीसारखें लांबत चाललें आहे.

या दोन ठेवणींत किती अंतर पडतें तें गणितानें पाहूं. समजा, दोन गांवें आहेत आणि दोहोंतहि एक-एक हजार घरें आहेत. पहिलें गांव वाटोळें असून मध्यापासून कडेपर्यंत ५०० मीटर आहे. दुसरें गांव सडकेच्या कडेनें ६ किलोमीटर लांब झालें आहे. शाळा, दवाखाना व बाजार दोन्ही गांवांत मध्यावर आहेत. पहिल्या गांवांत मध्यापासून घराचें सरासरी अंतर त्रिज्येच्या दोन-तृतीयांश, म्हणजे सुमारें ३३३ मीटर येतें. ती चार-पांच मिनिटांची पायवाट झाली. दुसऱ्या गांवांत तेंच अंतर दीड किलोमीटर येतें. वैशाखाच्या उन्हांत कडेवर मूल किंवा डोक्यावर दळण घेऊन कोणी तितकें चालत नाहीं. म्हणून तेथील पांचशें घरांनीं मोटरसायकली घेतल्या व प्रत्येक गाडीच्या दिवसाला दोन जा-ये झाल्या असें धरूं. एका गाडीचे रोजचे ६ किलोमीटर, पांचशें गाड्यांचे ३,००० किलोमीटर. लिटरला ५० किलोमीटर या हिशेबानें रोज ६० लिटर, आणि वर्षाला २१,९०० लिटर पेट्रोल झालें.

लक्षांत घ्या, या दुसऱ्या गांवचे लोक आळशी नाहींत कीं उधळेहि नाहींत. त्यांनीं तितकेंच दळण आणलें आणि तितकींच मुलें शाळेंत पोंचविलीं. वर्षाचे वीस हजारांवर लिटर पेट्रोल केवळ गांवाच्या आकारानें खाल्लें. शिवाय ज्याच्या घरीं गाडी नाहीं त्याचें काय? म्हातारें माणूस, शाळकरी मुलगी, मजुरी करणारी बाई यांना तोच दीड किलोमीटर उन्हांतून तुडवावा लागतो. गांव लांबलें म्हणजे श्रीमंताचें पेट्रोल वाढतें आणि गरिबाचे श्रम वाढतात.

पाण्याच्या नळाचें व विजेच्या तारेचेंहि असेंच आहे. तार दुप्पट लांब केली तर तिचा विरोध दुप्पट होतो, आणि तितक्याच प्रवाहासाठीं तिच्यांत उष्णतेच्या रूपानें वायां जाणारी वीजहि दुप्पट होते. हा नियम तुम्ही शिकलांच आहांत. तो वहीबाहेर खांबाखांबांवरून रोज चालू असतो.

वस्ती गोळा करण्याचा किंवा पसरविण्याचा गुण वाहतुकीच्या साधनांतहि असतो. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही अरुंद रुळांची गाडी, जिला सारें वऱ्हाड 'शकुंतला' म्हणून ओळखतें, १९०३ सालीं सुरू झाली व आपल्या दारव्ह्यावरून जात असे. मँचेस्टर येथें १९२१ सालीं बनविलेलें तिचें वाफेचें इंजिन १९९४ सालापर्यंत चाललें. माझ्या लहानपणीं त्या इंजिनाचा धूर पाहण्यासाठीं आम्ही मुलें धांवत जात असूं. पुढें डिझेल इंजिन आलें आणि कालांतरानें गाडीच बंद पडली. ती फार हळू चाले, हें खरें. पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक फिरण्यास डांबरी सडकेवर रबरी चाक फिरण्याच्या मानानें फारच थोडा जोर लागतो. आणि दुसरें असें कीं, आगगाडी ठराविक स्टेशनांवरच थांबते, म्हणून घरें, दुकानें, जिनिंगचे कारखाने स्टेशनाभोंवतीं गोळा होतात. मोटरगाडी कोठेंहि थांबते, म्हणून सडकेकांठची वस्ती कोठेंहि पसरूं शकते.

३. परदेशांतील दोन शहरें

हें केवळ फळ्यावरचें गणित आहे अशी कोणास शंका येईल. म्हणून परदेशांतील दोन खरीं शहरें पाहूं. स्पेनमधील बार्सिलोना व अमेरिकेंतील अटलांटा यांची लोकसंख्या १९९० सालीं जवळ जवळ सारखीच होती. बार्सिलोनाची सुमारें २८ लाख आणि अटलांटाची सुमारें २५ लाख. परंतु बार्सिलोनाची वस्ती १६२ चौरस किलोमीटरांत मावली होती, आणि अटलांटाची ४,२८० चौरस किलोमीटरांवर पसरली होती. माणसें तितकींच, जागा सव्वीसपट! बार्सिलोनांत माणूस पायीं, बसनें किंवा भुयारी रेल्वेनें आपलें काम उरकूं शकतो. अटलांटांत मोटर नसेल तर बहुतेक कामें अडतात. तेथें कितीहि आगगाड्या घातल्या तरी बहुतेक घरें स्टेशनापासून दूरच राहणार, कारण घरेंच विरळ आहेत.

बार्सिलोनाची ही ठेवण आपोआप झाली नाहीं. जुन्या शहराबाहेरील मोकळ्या जमिनीवर नवीन वस्ती कशी बसवावी याचा आराखडा इल्दिफोन्स सेर्दा नांवाच्या अभियंत्यानें १८५९ सालीं तयार केला होता. त्यानें आंखलेल्या रस्त्यांचा लाभ तेथील लोक आज दीडशेंहून अधिक वर्षें घेत आहेत. पुढें १९८९ सालीं न्यूमन व केनवर्दी या ऑस्ट्रेलियांतील दोन अभ्यासकांनीं जगांतील बत्तीस शहरांची तुलना प्रसिद्ध केली. तींतहि हेंच दिसून आलें कीं, शहर जितकें विरळ, तितकें दर माणशीं पेट्रोल अधिक.

४. मुंबईचा धडा आणि मुंबईचा इशारा

आतां आपल्या राज्यांत परत येऊं. मुंबई हें मुळांत अरुंद व लांबट बेट. पूर्वेस, पश्चिमेस व दक्षिणेस समुद्र असल्यामुळें शहराला वाढावयास उत्तरेची वाट तेवढी मोकळी होती. त्याच वाटेनें १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदर ते ठाणें ही सुमारें ३४ किलोमीटरांची आगगाडी निघाली. सह्याद्रीच्या माथ्यावर अडविलेल्या पाण्यापासून वीज करण्याचें टाटांचें खोपोलीचें केंद्र १९१५ सालीं सुरू झालें, आणि ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही विजेवर चालणारी पहिली गाडी धांवली. रूळ आधीं व बहुतेक उपनगरें मागून, या क्रमानें तें शहर वाढलें. माणसानें घर घेतांना 'स्टेशन किती मिनिटांवर?' हें आधीं विचारावें, हा तेथला रिवाज पडून गेला. २०२० सालापूर्वीं मुंबईच्या लोकल गाड्यांतून दररोज सुमारें ७५ लाख प्रवास होत असत. इतकीं माणसें एकेकट्या मोटरींतून निघालीं असतीं तर त्या बेटावर त्या मोटरी उभ्या करण्यासहि जागा पुरली नसती. पेट्रोलाची गोष्ट तर दूरच.

परंतु येथें सुज्ञ पालक विचारतील, "मग दाटीवाटीनें राहणें हेंच चांगलें असें तुमचें म्हणणें आहे काय?" नाहीं. मुंबईच्या धड्याबरोबर तिचा इशाराहि वाचला पाहिजे. १८९६ सालीं तेथें प्लेगची सांथ आली. ज्या खोल्यांत भर दुपारींहि दिवा लावावा लागे, जेथें वारा शिरत नसे, तेथें माणसांचे फार हाल झाले. १८९८ सालीं शहरसुधारणेसाठीं 'इंप्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला. त्यानें दाट वस्तींतून प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रुंद रस्ते काढून समुद्राची हवा आंत आणण्याचा प्रयत्न केला, आणि दादर-माटुंग्याकडे मोकळ्या जागा व झाडें राखून नवी वस्ती आंखली. मात्र जुनीं घरें ज्या वेगानें पाडलीं गेलीं, त्या वेगानें गरिबांना नवीं मिळालीं नाहींत. आजहि लोकलच्या डब्यांतील गर्दी ही माणसाला शोभणारी नव्हे.

म्हणून 'जवळ राहणें' व 'कोंडून राहणें' यांतील भेद ओळखावा. हा भेद ज्यानें चांगला ओळखला होता असा एक मनुष्य आपल्या देशांत येऊन गेला. स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस १९१४ सालीं हिंदुस्थानांत आले, अनेक शहरांत पायीं हिंडून त्यांनीं त्यांविषयीं अहवाल लिहिले, आणि १९१९ ते १९२४ या काळांत ते मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. सबंध मोहल्ला पाडून सरळ रस्ता काढूं नका, असें त्यांचें सांगणें असे. जेथें हवा अडते तेथील एखाददुसरें पडकें घर काढा, त्या जागीं लहानसें अंगण करा, झाड लावा, विहीर स्वच्छ करा, आणि बाकीची वस्ती जेथल्या तेथें नांदूं द्या, अशी त्यांची रीत होती. ती खर्चानें थोडी व माणसांना कमी दुखविणारी होती. आपल्या गांवठाणांनाहि तीच लागू पडते.

मुंबईजवळची दुसरी एक गोष्टहि ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. खाडीपलीकडे नवें शहर वसवावें, कामाची जागा व राहण्याची जागा तेथेंच जवळ जवळ असावी, आणि सर्व वस्त्या एका वाहतुकीच्या ओळीवर गुंफाव्या, अशी कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल या तिघांनीं १९६० नंतरच्या दशकांत मांडली. १९७० सालीं त्यासाठीं 'सिडको' स्थापन झाली. १९७३ सालीं वाशीच्या खाडीवरील पूल मोटरींसाठीं खुला झाला. पण वाशीला आगगाडी पोंचली ती १९९२ सालीं. मधल्या एकोणीस वर्षांत तेथें राहावयास गेलेल्यांना मुंबईस जाण्या-येण्यासाठीं सडकेवांचून दुसरा मार्ग नव्हता. आराखडा उत्तम असला तरी कोणती गोष्ट आधीं व कोणती मागून, हा क्रम चुकून भागत नाहीं.

५. ऊन आणि भिंत

घराबाहेरचा खर्च झाला, आतां घरांतला. येथें मला माझीच एक चूक सांगावयाची आहे.

आठ वर्षांपूर्वीं मी गांवाबाहेर सडकेलगत प्लॉट घेऊन घर बांधलें. मी विज्ञान शिकविणारा मनुष्य. पण घर बांधतांना चार शेजाऱ्यांनीं केलें तेंच मीहि केलें. चारहि बाजूंनीं मोकळें, एकमजली, वर सिमेंटचा स्लॅब, आणि दर्शनी भाग सडकेकडे यावा म्हणून निजण्याच्या खोलीची मोठी खिडकी बरोबर पश्चिमेला. प्लॉटवर एक जुना निंब होता, तो पायव्याच्या आड येतो म्हणून तोडला. जमीन काळी, ती पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते, म्हणून पायवा खोल घ्यावा लागला आणि सिमेंट व लोखंड यांचा खर्च वाढला. पूर्वजांनीं वस्तीसाठीं पांढरी कां निवडली, हें मला तेव्हां कळलें.

पहिल्याच उन्हाळ्यांत माझी आई दुपारचें जेवण झालें कीं डोक्यावर पदर घेऊन जुन्या घरीं जाऊं लागली. आमचें जुनें घर गांवठाणांत, धाब्याचें, हातभर जाड मातीच्या भिंतींचें, दोन्ही बाजूंस शेजाऱ्यांच्या भिंती. मी तिच्या खाटेजवळ कूलर आणून ठेवला व म्हणालों, "आई, आतां उन्हांतून जाऊं नको." ती म्हणाली, "बापू, तुह्या या घराले दिवसभर वारा घालावा लागते. त्या घराले कधी कोनं वारा घातला होता का?" मला उत्तर सुचलें नाहीं. माझ्या विद्येचें तिनें एका वाक्यांत माप काढलें होतें.

तिच्या बोलण्यांतील शास्त्र आतां समजून घेऊं. मातीची जाड भिंत दिवसभर ऊन पिते, पण तें आंत पोंचावयास तिला आठ-दहा तास किंवा अधिकहि लागतात. तोंवर सूर्य मावळून बाहेर गारवा आलेला असतो. सिमेंटच्या पातळ स्लॅबमधून तीच उष्णता तीन-चार तासांत खालीं उतरते, म्हणजे नेमकी संध्याकाळीं, आपण घरीं येऊन बसतों तेव्हां. टिनाच्या छपराला तर तितकाहि धीर नसतो.

दुसरें, उघड्या पृष्ठभागाचें गणित. सहा मीटर लांब, सहा मीटर रुंद व तीन मीटर उंच असें घर घ्या. तें एकटें उभें असेल तर चार भिंतींचे ७२ व छपराचे ३६ मिळून १०८ चौरस मीटर उन्हांत राहतात. तेंच घर ओळींत, दोन्ही बाजूंस शेजाऱ्याला टेकून असेल, तर दोन भिंतींचे ३६ व छपराचे ३६ मिळून ७२ चौरस मीटरच उघडे राहतात. शेजाऱ्याची भिंत आपल्या उपयोगीं पडली, आणि आपली त्याच्या. दोघांचाहि एक-तृतीयांश ताप वांचला.

तिसरें, दिशा. आपला प्रदेश विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें २०° अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यांत सूर्य दुपारीं बरोबर आपल्या डोक्यावर येतो. त्या दिवसांत दक्षिणेच्या व उत्तरेच्या भिंतीवर ऊन तिरपें व थोडेंच पडतें. सकाळीं पूर्वेची भिंत तापते, दुपारनंतर पश्चिमेची, आणि माध्यान्हीं छप्पर. म्हणून रस्ता पूर्व-पश्चिम आंखला व त्याच्या कडेनें घरें ओळींत बांधलीं, तर प्रत्येक घराच्या ज्या दोन भिंती शेजाऱ्यांच्या आड जातात त्या नेमक्या पूर्व-पश्चिमेच्याच असतात. नांगराच्या दोन तासांइतक्या सरळ दोन रेघा कागदावर कोणत्या दिशेनें ओढावयाच्या, एवढाच हा प्रश्न. ओढणाराला एका पैशाचा अधिक खर्च नाहीं. पण चुकीची रेघ ओढली तर त्या रस्त्यावरील प्रत्येक घर दर उन्हाळ्यास दंड भरीत राहतें.

जुन्या घरांत दोष नव्हते असें मात्र समजूं नये. आंत अंधार असे, पावसाळ्यांत धाबें गळे, वाळवी लागे, आणि दरवर्षीं लिंपण्या-सारवण्याचे सारे कष्ट बायकांच्या वाट्यास येत. तें घर जसेंच्या तसें पुन्हां बांधा असें मी म्हणत नाहीं. त्याची जाड भिंत, टेकलेला शेजार व सांवलीची पडवी एवढें घेतलें, आणि नव्या घराचा उजेड, पक्का पायवा व स्वच्छता त्यांत मिळविली, म्हणजे झालें. आपल्या मिशनच्या शाळांच्या जुन्या इमारती आठवा: जाड भिंती, उंच छत, वरतीं हवा जाण्यास झरोके, आणि भोंवतीं व्हरांडा. त्या बांधल्या तेव्हां खेड्यांत वीज नव्हती, म्हणून बांधणाराला विचार करणें भागच होतें.

६. सांवली

लंडनच्या ल्यूक हॉवर्ड नांवाच्या गृहस्थांनीं दोनशें वर्षांपूर्वीं शहरांतील व शहराबाहेरील तपमान रोज मोजून १८१८ ते १८२० या काळांत तें पुस्तकरूपानें प्रसिद्ध केलें. शहर भोंवतालच्या खेड्यांहून उबदार असतें, व हा फरक विशेषेंकरून रात्रीं दिसतो, असें त्यांना आढळलें. कारण सोपें आहे. दगड, विटा व डांबर दिवसा तापतात आणि रात्रीं तो ताप परत देतात. झाडें व ओली माती यांचें तसें नसतें.

झाड केवळ छत्री धरतें असें नाहीं. मुळांनीं ओढलेलें पाणी तें पानांतून वाफेच्या रूपानें सोडतें, आणि एक लिटर पाण्याची वाफ होण्यास सुमारें ०.६७ युनिट इतकी उष्णता लागते. भरपूर पाणी मिळणारा मोठा वृक्ष दिवसाकांठीं शंभर लिटर पाणी सोडूं शकतो, म्हणजे ६७ युनिटांइतकी उष्णता तो हवेंतून काढून घेतो, तीहि बिलावांचून. तुमच्या घरचा कूलर हेंच तत्त्व वापरतो; जुन्या काळीं दारांत टांगलेले वाळ्याचे ओले पडदेहि हेंच करीत. वातानुकूलन यंत्राची रीत मात्र निराळी आहे. एक युनिट वीज घेऊन तें खोलींतील तीन युनिट उष्णता उचलतें आणि चारहि युनिटें बाहेर गल्लींत टाकतें. ज्याच्या घरीं तें आहे तो गार होतो, आणि ज्याच्या घरीं नाहीं त्याच्या खिडकीशीं ती ऊब जाते. सारा रस्ता असाच गार होऊं पाहील, तर रस्ता अधिकच तापेल आणि प्रत्येक यंत्राला अधिक वीज लागेल.

७. आपण काय करावें?

पालकांस माझी विनंती अशी कीं, प्लॉट घेतांना केवळ भाव व सडकेचा दर्शनी भाग पाहूं नये. शाळा व बाजार पायीं किती मिनिटांवर आहेत, रस्ते कोणत्या दिशेनें आंखले आहेत, झाडांसाठीं व मोकळ्या मैदानासाठीं जागा खरोखर सोडली आहे काय, हेंहि विचारावें. गांवठाणांत पडकें घर असेल तर तें विकून बाहेर जाण्याआधीं तेथेंच नीट बांधतां येईल काय, याचा विचार करावा. आणि नवीन ले-आउटची, नव्या रस्त्याची किंवा शाळेच्या नव्या जागेची गोष्ट ग्रामसभेंत निघेल त्या दिवशीं आवर्जून हजर राहून बोलावें. कागदावर रेघ असते तोंवरच ती खोडतां येते.

बांधून झालेल्या घरालाहि थोडासा उपाय आहे. मी गेल्या तीन वर्षांत स्लॅबवर पांढरा चुना दिला, पश्चिमेच्या खिडकीवर पडवी काढली व तिच्यापुढें निंब लावला. तोडलेल्या झाडाच्या जागीं नवें झाड लावण्यास मला पांच वर्षें लागलीं आणि तें मोठें होण्यास आणखी दहा लागतील. आई अजून दुपारीं जुन्या घरींच जाते. गेल्या उन्हाळ्यांत मात्र जातांना तिनें त्या निंबाला तांब्याभर पाणी घातलें.

ज्या मुलानें मला तो प्रश्न विचारला होता त्याला हें उत्तर एक वर्ष उशीरां मिळत आहे. बाळा, तूं दिवा विझवीत जा. पण तूं मोठा होऊन घर बांधशील, किंवा गांवाच्या पंचायतींत बसशील, तेव्हां ही वही एकदां काढून पाहा.

अभ्यासासाठीं

१. तुमच्या घरापासून शाळा, विहीर किंवा नळ, दुकान व दवाखाना यांपर्यंतचीं पावलें मोजा. दहा पावलांचें अंतर मोजून त्यावरून मीटर काढा. वर्गांतील सर्व मुलांची सरासरी काढा. गांवठाणांतील व सडकेकांठची निराळी.

२. उन्हाळ्यांत एकाच दिवशीं सकाळीं सहा, दुपारीं तीन व रात्रीं नऊ वाजतां तीन ठिकाणांचें तपमान सांवलींत धरलेल्या तपमापकानें लिहून घ्या: मातीच्या घरांत, स्लॅबच्या घरांत व टिनाच्या घरांत. कोणतें घर केव्हां तापतें तें आलेखानें दाखवा.

३. घरच्या बिलावरून एप्रिल-मे व डिसेंबर-जानेवारी यांतील युनिटांचा फरक काढा. त्या फरकास किती कोळसा लागला असेल?

४. आपल्या गल्लीचा नकाशा काढून उत्तर दिशा दाखवा. दुपारीं चार वाजतां कोणत्या भिंतींवर ऊन पडतें तें रंगवा, आणि झाड कोठें लावलें असतां अधिकांत अधिक भिंतींवर सांवली पडेल, तेथें खूण करा. पहिल्या पावसानंतर त्या जागीं तें झाड लावा.